मोरपंखीची कटिंग लावताय? मग दम धरा

जास्वंदीची फांदी खोचली की पंधरा दिवसांत पालवी दिसते, तोच हिशोब मोरपंखीला लावला तर फसलात म्हणून समजा. माझ्या पहिल्या दोन खेपा पूर्ण वाया गेल्या, आणि गेल्या हे कळलंही फार उशिरा, कारण ही काडी मुळं नसतानाही दोन-दोन महिने हिरवीगार दिसते आणि आपण रोज खूश होत पाणी घालत बसतो.

आता मी दिवाळीनंतरच लावतो, पावसाळ्यात बुरशी फार. फांदी यंदाचीच वाढलेली पण बुडाशी जरा तपकिरी झालेली, ४ ते ६ इंचांची. कात्री नको, हाताने खाली ओढून काढायची, म्हणजे जुन्या फांदीच्या सालीचा तुकडा सोबत येतो, त्याला टाच म्हणतात आणि मुळं तिथनं चांगली फुटतात. टाचेची शेपटी लांब राहिली तर ब्लेडने साफ करा. खालच्या दीड-दोन इंचातली पानं काढा, बुडाशी एका बाजूची साल पातळ तासा. मग ३००० पीपीएमवाली (म्हणजे तेवढ्या तीव्रतेची) आयबीए पावडर, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक, बुडाला लावा, पण थेट डबीत काडी बुडवू नका, ओल लागून उरलेली खराब होते, थोडी कागदावर काढून घ्या.

बागेतली माती अजिबात नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (पांढरे, हलके खडे) अर्धं-अर्धं, परलाईट महाग वाटलं तर धुतलेली जाड वाळू. आधी पेन्सिलने भोक पाडा आणि मग काडी ठेवा, नाहीतर पावडर सगळी वरच पुसली जाते. वरून पारदर्शक पिशवी, जागा भरपूर उजेडाची पण थेट ऊन नको, नाहीतर पिशवीत भट्टी होते. पिशवीला आतून दव दिसतंय तोवर पाणी घालू नका.

त्यानंतर अडीच-तीन महिने गप्प बसायचं. आधी बुडाशी गाठ धरते, मुळं नंतर, त्यामुळे उपटून बघण्याचा मोह आवरा. अगदी हलकं ओढल्यावर काडी अडली तर समजा काम झालं. शेंड्याला नवा पोपटी रंग दिसला की पिशवी आठवडाभरात थोडी-थोडी उघडत न्या.

आणि हो, ते कुंडीतलं ख्रिसमस ट्री, म्हणजे अराउकेरिया, त्याची बाजूची फांदी लावू नका. जगली तरी ती आडवीच वाढत राहते, सरळ झाड हवं तर शेंडाच कापावा लागतो. माझं एक तसलं अजून आहे, कुंडीबाहेर हात पसरून पडलंय.