कर्करोगपेशीत साखर जोडणारे जनुक मेथिलेशनमुळे बंद आहे का, हे कसे तपासावे

प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवणारे विकर कमी झाले, म्हणजे त्याचे जनुकच नाहीसे झाले, असे गृहीत धरू नये. पुष्कळदा जनुक शाबूत असते, मात्र त्याच्या प्रवर्तकावर (जनुकाचे वाचन जिथून सुरू होते त्या डीएनएच्या भागावर) मेथिल गट बसल्याने ते वाचले जात नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बी४गॅलएनटी२ या जनुकाचे असे होते आणि पेशीपृष्ठावर सायलिल लुईस एक्स ही साखळी वाढते.

पेशी थाळीत विरळ लावाव्यात, कारण मेथिल गट हटवण्यासाठी वापरायचे डेसिटाबिन हे औषध विभाजन होत असलेल्या पेशींच्याच डीएनएमध्ये शिरते. ते पाण्यात फार टिकत नसल्याने ७२ तास रोज ताज्या माध्यमातून द्यावे आणि शेजारी केवळ द्रावक घातलेली थाळी ठेवावी. परळला एका जुलैत इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरून माझ्या दोन्ही थाळ्या वाया गेल्या. पावसाळ्यात ते पाणी निर्जंतुकच हवे.

नंतर आरएनए काढून क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए किती आहे हे मोजणारी चाचणी) करावी. तुलनेसाठी जीएपीडीएच हे नेहमीचे संदर्भ जनुक सरसकट घेऊ नये, कारण ऑक्सिजन कमी पडताच तेही वाढते.

जनुक जागे झाले तरी निष्कर्षाची घाई नको: औषधाने एखादा नियामक घटक जागा होऊन त्याने हे जनुक चालवले असेल. म्हणून डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करून प्रवर्तकाचा क्रम वाचावा. मेथिल नसलेले सायटोसिन हे डीएनएचे अक्षर तेथे थायमिन हे दुसरे अक्षर म्हणून दिसते, मेथिल असलेले तसेच राहते.