खिशातल्या यंत्रावर चालू भाव: जुनं यंत्र, फोन आणि हातानं बनवलेलं

पडद्यावर शेअरचा भाव १२४.३५ दिसतोय. हा भाव आत्ताचा, पंधरा मिनिटांपूर्वीचा, की मघाशी लिफ्टमध्ये सिग्नल गेला तेव्हाचा? भाव बघायचं कोणतंही यंत्र हाती घेतलं की आधी याचं उत्तर मिळायला हवं. कोरा पडदा दिसला तर माणूस दुसरीकडे चौकशी करतो. अडकलेल्या आकड्यावर मात्र तो सौदा टाकून मोकळा होतो.

ही अडचण टिकरच्या, म्हणजे कागदी पट्टीवर भाव छापणाऱ्या यंत्राच्या, काळापासूनची आहे. एडवर्ड कॅलाहन यांचं तारेवर चालणारं टिकर यंत्र १८६७ मध्ये आलं. २४ ऑक्टोबर १९२९ ला न्यूयॉर्कच्या बाजारात १ कोटी २९ लाखांच्या आसपास शेअर हातोहात फिरले, तेव्हा सौद्यांच्या रेट्यात टिकर मागे पडला आणि बाजार बंद झाल्यावरही सुमारे चार तास पट्टी छापत राहिला. पट्टीवरचा प्रत्येक आकडा खरा होता, फक्त शिळा होता.

जुनी यंत्रं

भाव खिशात आला तो रेडिओवरून. १९८० च्या दशकात अमेरिकेत क्वोट्रेक नावाचं हातात मावणारं यंत्र मिळायचं. एफएम केंद्राच्या नेहमीच्या आवाजाआड एक उपवाहक लहर जाते, साधारणपणे ६७ किंवा ९२ किलोहर्ट्झची. तिच्यावरून भावांचा प्रवाह सोडायचा आणि यंत्रानं त्यातून आपल्या यादीतल्या शेअरांची चिन्हं वेचून घ्यायची, अशी ती रचना. सगळा मामला एकतर्फी. माहितीचा एखादा तुकडा (पाकीट) हुकला तर यंत्राला ते परत मागता येत नाही. लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत लहर भिंतींवर आपटून विस्कटते, म्हणून अशी यंत्रं खिडकीशी ठेवावी लागत. पेजरचंही तेच: पॉक्सॅग या पेजरला संदेश पाठवण्याच्या पद्धतीत वेग सेकंदाला ५१२, १२०० किंवा २४०० बिट, त्यामुळे मोजक्याच शेअरांचे भाव ठरावीक अंतरानं येत.

असं यंत्र आज संग्रहासाठी घ्यायचं असेल तर त्यावर भाव येतील ही आशा सोडा, ती प्रसारणं बंद झाली आहेत. आधी बॅटरीचा कप्पा उघडून बघा. अल्कलाइन सेल फुटून पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसानं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नका. आत निकेल-कॅडमियमचा जुडगा असेल तर प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा धरा आणि तितकेच सेल बसवा. पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरलेला असेल तर काच फुटून द्रव सांडलेला असतो. तो दुरुस्त होत नाही.

फोन

आज बहुतेकांचं काम फोनवर भागतं. पण फोन मुळात ऊर्जा वाचवण्यासाठी बनलेला आहे, आणि चालू भावाला जागं राहणारं यंत्र लागतं. बहुतेक तक्रारी इथूनच उगवतात.

पहिल्यांदा फीड, म्हणजे अॅपला भाव जिथून येतात तो प्रवाह, तपासा. फुकट मिळणारे भाव बऱ्याचदा १५ किंवा २० मिनिटं उशिराचे असतात आणि तशी सूचना बारीक अक्षरात कोपऱ्यात असते. दोन ठिकाणचे भाव शेजारी ठेवून आकडे जुळवत बसू नका, शेवटच्या सौद्याची वेळ जुळवा. ती वेळच न दाखवणारं अॅप सौद्यासाठी वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागेल असं ठेवा, नाहीतर वेळांची तुलनाच चुकेल.

मग ही चाचणी करा. बाजार चालू असताना भरपूर उलाढालीचा एक शेअर उघडा, फोन विमान मोडवर टाका आणि ६० सेकंद थांबा. चांगल्या अॅपमध्ये तेवढ्यात भाव राखाडी होतो किंवा ‘जोडणी तुटली’ अशी पट्टी येते. काहीच झालं नाही, आकडा तसाच ठसठशीत उभा राहिला, तर हे अॅप जोडणी तुटल्याचं कळू देत नाही असं समजा.

वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना फोनचा पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी मरते, पण ती मेल्याचं अॅपला कुणी सांगत नाही. ते उत्तराची वाट बघत बसतं. यावर उपाय म्हणजे अॅपनं दर काही सेकंदांनी सर्व्हरला हाक मारायची, आणि ओ आली नाही तर नव्यानं जोडून घ्यायचं. जोडल्यावर आधी सगळ्या यादीचे ताजे भाव एकदम मागवायला हवेत. ते न करता नुसते बदल ऐकायला लागलं, तर उलाढालीचे शेअर लगेच हलू लागतात आणि मंद शेअर जुन्याच भावावर बसून राहतात. यादीचा वरचा भाग जिवंत दिसतो, म्हणून खालचा शिळा आहे हे लक्षातही येत नाही. शंका आली तर अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. मंद शेअर खरोखर न हललेलाही असू शकतो. तेव्हा बिड-आस्क (घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं लावलेले भाव) आणि शेवटच्या सौद्याची वेळ बघा.

अँड्रॉइड ६ पासून पडून राहिलेला फोन डोझ अवस्थेत जातो आणि मागे चालणाऱ्या अॅपचं नेटवर्क तोडतो. सेटिंगमध्ये त्या अॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये वेगळी ‘ऑटो-स्टार्ट’ परवानगीही द्यावी लागते.

होम स्क्रीनवरच्या विजेटवर चालू भाव म्हणून विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये विजेटच्या ठरावीक अद्ययावतीचं किमान अंतर ३० मिनिटांचं आहे. आयफोनवर वारंवार बघितल्या जाणाऱ्या विजेटलाही दिवसाला साधारण ४० ते ७० वेळाच ताजं होता येतं. मनगटावरच्या घड्याळालाही बऱ्याचदा फोनकडूनच भाव येतो, म्हणजे साखळीत आणखी एक कडी वाढते.

भावाचा इशारा लावायचा असेल तर सर्व्हरवर तपासला जाणारा लावा. अॅपच्या आत तपासला जाणारा इशारा अॅप झोपलं की झोपतो. खात्रीसाठी चालू भावाच्या अगदी जवळची पातळी लावा, फोन लॉक करून बाजूला ठेवा आणि इशारा किती सेकंदांनी आला ते मोजा.

स्वतः बनवलेलं यंत्र

टेबलावर किंवा पिशवीत ठेवायला छोटा भावफलक बनवता येतो: ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा संगणक), २.९ इंची ई-पेपर पडदा, १००० मिलिअँपिअर-तासाचा लिथियम-पॉलिमर सेल आणि टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड. दर पाच मिनिटांनी जागं व्हायचं, भाव आणायचे, छापायचे, झोपायचं. हे नजर ठेवण्यासाठी आहे, सौद्यासाठी नाही.

बोर्ड निवडताना घाई करू नका. एका फेरीला ६ सेकंद आणि सरासरी १२० मिलिअँपिअर धरले तर ०.२ मिलिअँपिअर-तास जातात. बाजार सहा तास चालला तर दिवसाला १५ च्या आत. पण काही बोर्ड झोपेतही ५ मिलिअँपिअर खातात, म्हणजे दिवसाला १२०, खऱ्या कामाच्या आठपट! म्हणून झोपेतला प्रवाह मीटर लावून मोजा. बोर्डवर एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असेल तर तो सेलवर नीट चालत नाही, कारण ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याला जवळपास १.१ व्होल्ट जास्तीचे लागतात. वाय-फाय सुरू होताना यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट होत असेल तर आधी याच रेग्युलेटरवर संशय घ्या. टीपी४०५६ चार्जिंगचा प्रवाह ठरवणाऱ्या मूळ १.२ किलोओमच्या रेझिस्टरवर १ अँपिअरनं चार्ज करतो. त्या जागी २ किलोओम लावला की प्रवाह सुमारे ५८० मिलिअँपिअरवर येतो, या सेलला तो सोसतो.

ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतो. जोडल्यावर पहिल्यांदा इंटरनेटवरून वेळ लावून घ्या. घड्याळ १९७० वर असेल आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी चालू असेल तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि चूक वाय-फायची आहे असं वाटत राहतं. सर्व्हरनं ४२९ हा आकडा परत दिला तर विनंत्या जास्त झाल्या, अंतर दुप्पट करा.

ई-पेपरला चित्र टिकवायला वीज लागत नाही. सेल संपला, वाय-फाय गेलं, प्रोग्राम अडकला, तरी कालचा भाव पडद्यावर तसाच टवटवीत राहतो. म्हणून भावाइतक्याच मोठ्या अक्षरात शेवटच्या सौद्याची तारीख-वेळ छापा. भाव आणता आला नाही तर जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारा. आणि सेल ३.४ व्होल्टवर आला की त्या फेरीत वाय-फाय सुरूच करू नका: उरलेल्या विजेत पडदा पूर्ण पुसा, ‘बॅटरी संपली’ एवढंच छापा आणि मगच यंत्र कायमचं झोपवा.