कंपनी, मग मोठं पद, मग गुंतवणूक: या वाटेवरच्या या चुका टाळा

टेक क्षेत्रातली एक वाट आता आपल्याकडेही चांगलीच रुळली आहे. आधी स्वतःची कंपनी काढायची. ती विकली गेली की विकत घेणाऱ्या कंपनीत काही काळ वरच्या पदावर राहायचं आणि पुढे नव्या संस्थापकांच्या कंपन्यांत पैसे घालायचे. अमेरिकेतले उद्योजक मार्क अँड्रीसन यांनी ही वाट जगासमोर चालून दाखवली. १९९४ मध्ये त्यांनी जिम क्लार्क यांच्यासोबत नेटस्केप ही वेब ब्राउझर बनवणारी कंपनी सुरू केली. १९९९ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने ती घेतल्यावर ते तिथे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले, पण काही महिन्यांतच बाहेर पडले. त्याच वर्षी इतर कंपन्यांच्या वेबसाइट आणि सर्व्हर सांभाळणारी (होस्टिंग) त्यांची लाउडक्लाउड उभी राहिली आणि २००९ मध्ये बेन होरोविट्झ यांच्यासह त्यांनी स्वतःची गुंतवणूक संस्था काढली.

वाचायला हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात या तीन कामांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एका कामात ज्या सवयीने यश दिलं, तीच पुढच्या कामात गोत्यात आणते. संस्थापकांच्या बहुतेक अडचणी मला इथूनच सुरू होताना दिसतात.

सुरुवातीचे कागद “नंतर बघू” म्हणून सोडणं

दोन मित्र निम्मे-निम्मे शेअर घेतात. वर्षाच्या आत एकाला चांगली नोकरी लागते. तो जातो, शेअर मात्र त्याच्याकडेच राहतात. पुढचा गुंतवणूकदार कॅप टेबल (कोणाकडे किती मालकी, याची यादी) बघतो आणि निम्मी मालकी काम न करणाऱ्याकडे आहे म्हटल्यावर मागे फिरतो. म्हणून पहिल्याच दिवशी करारात चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर टप्प्याटप्प्याने नावावर होणं) आणि एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी गेल्यास काहीच न मिळणं) घाला. राहून गेलं असेल तर गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीची बोलणी सुरू होण्याआधी, संबंध बरे असतानाच, नवा भागधारक करार करा. शेअर परत घेताना दर बाजारमूल्यापेक्षा कमी लावला तर घेणाऱ्यावर कर येऊ शकतो. त्यामुळे आधी सीएला विचारा.

काका-मामांकडून शेअरसाठी घेतलेल्या पैशांचंही तसंच. घरचेच आहेत म्हणून रक्कम कंपनीच्या खात्यात पडून राहते. कंपनी कायद्यानुसार शेअरसाठी आलेल्या पैशांवर ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे, तेही चुकलं तर १२ टक्के व्याज लागतं. हे पत्रव्यवहार घरच्यांशी करायला अवघड वाटतं, तरी करा.

मूल्यांकनाला आपली मिळकत समजणं

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून आकडे मांडूनच बघू. समजा, कंपनीने १०० कोटी रुपये उभे केले. गुंतवणूकदारांकडे ५५ टक्के, तुमच्याकडे २० टक्के आणि इतरांकडे २५ टक्के मालकी आहे. गुंतवणूकदारांना एकपट लिक्विडेशन प्रेफरन्स आहे, म्हणजे विक्रीच्या रकमेतून त्यांचे घातलेले पैसे आधी बाहेर येणार. कंपनी ११० कोटींना विकली गेली. २० टक्क्यांच्या हिशेबाने तुमच्या डोक्यात २२ कोटी असतात. पण गुंतवणूकदार आपला ५५ टक्के वाटा, म्हणजे साडेसाठ कोटी, घेण्याऐवजी आधीचे १०० कोटी घेतात. उरलेले १० कोटी बाकीच्या ४५ टक्क्यांत वाटले जातात. तुमच्या हाती येतात साधारण ४ कोटी ४४ लाख, तेही कर भरण्याआधीचे.

टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यावर, सही करण्याआधी किमान तीन विक्री-किमतींसाठी हा तक्ता करा: जेमतेम, बरी आणि उत्तम. दुप्पट प्रेफरन्सवर सही आधीच झाली असेल, तर पुढच्या फेरीत दोन-तीन गुंतवणूकदार रांगेत असताना ते कलम उघडून बसा. आणि थेट विक्रीचीच वेळ आली, तर संस्थापक व टीमसाठी ठरावीक रक्कम आधी बाजूला काढायला सांगा. विकत घेणाऱ्याला टीम हवी असते, त्यामुळे त्या टेबलावर तुमच्या शब्दाला वजन असतं.

मोबदला रोख की शेअरमध्ये, हेही तितकंच तपासा. मुंबईत २०१० मध्ये सुरू झालेली मोबाइल रिचार्जची कंपनी फ्रीचार्ज २०१५ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या स्नॅपडीलने घेतली, तेव्हा बातम्यांत किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली. २०१७ मध्ये ॲक्सिस बँकेने तीच कंपनी ३८५ कोटी रुपयांना घेतली. दरम्यान स्नॅपडीलचं स्वतःचं मूल्यही घसरलं होतं. अशा काळात विकत घेणाऱ्याचे शेअर घेऊन बसणाऱ्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. फ्रीचार्जचे संस्थापक कुणाल शाह यांनी पुढे २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाची बिलं भरायचं ॲप, क्रेड, सुरू केलं आणि अनेक स्टार्टअपमध्ये पैसेही घातले. पहिल्या विक्रीनंतर त्यांचं करिअर थांबलं नाही.

मोठ्या कंपनीत मालकासारखं वागणं

संस्थापकाला दुपारी सुचलेलं संध्याकाळी सुरू करायची सवय असते. मोठ्या कंपनीत बजेट वर्षातून एकदा ठरतं आणि तुमचं प्रॉडक्ट दुसऱ्याच विभागाची सेल्स टीम विकते. त्यामुळे विक्रीनंतरच्या अर्न-आउटचं (ठरलेलं लक्ष्य गाठल्यावरच मिळणाऱ्या मोबदल्याचं) लक्ष्य जर त्या सेल्स टीमच्या आकड्यांना बांधलेलं असेल, तर तुम्ही कितीही राबलात तरी ते गाठणं तुमच्या हातात नाही. लक्ष्य तुमच्या टीमच्या कामाशी जोडून घ्या: अमुक तारखेला प्रॉडक्ट जोडून देणं, अमुक ग्राहक टिकवणं.

आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क (ऑप्शन), वापरण्याची मुदत नोकरी सोडल्यावर बऱ्याच योजनांत फक्त ९० दिवसांची असते. १०,००० ऑप्शन, प्रत्येकी ठरलेली किंमत १० रुपये, शेअरचं आजचं मूल्य ९०० रुपये असेल, तर शेअर घेताच ८९ लाख रुपये पगारात धरले जातात आणि वरच्या स्लॅबमध्ये २७ लाखांहून जास्त कर लागतो. शेअर अजून विकलेलाही नसतो, मग हे पैसे आणायचे कुठून? पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण नोकरी सोडली की तीही संपते. त्यामुळे तारखा आणि कर दोन्ही बघून मगच पत्र द्या.

घाईने गुंतवणूकदार होणं

पहिली मोठी रक्कम हातात आली की लोक विचारायला येतात, आणि नाही म्हणणं जड जातं. दर महिन्याला एक चेक लिहून वर्षभरात सगळे पैसे गुंततात. मग ज्या दोन कंपन्या खरोखर चालल्या, त्यांच्या पुढच्या फेरीत घालायला काही उरत नाही. ठरवलेल्या रकमेतली निम्मी सुरुवातीलाच राखून ठेवा.

एकाच क्षेत्रातल्या दोन कंपन्यांचाही मोह टाळा. २०१० मध्ये अँड्रीसन यांच्याच संस्थेने, अँड्रीसन होरोविट्झने, बर्बन नावाच्या ॲपमध्ये अडीच लाख डॉलर घातले होते. बर्बन बदलत जाऊन इन्स्टाग्राम झालं. पण या संस्थेने पिकप्लीझ या दुसऱ्या फोटो ॲपमध्येही पैसे घातले होते, म्हणून इन्स्टाग्रामच्या पुढच्या फेरीत ती उतरली नाही. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरला घेतलं आणि अडीच लाखांचे ७.८ कोटी डॉलर झाले. परतावा मोठाच, पण वाटा तितकाच राहिला. तुमच्या एखाद्या कंपनीने दिशा बदलून दुसरीशी स्पर्धा सुरू केली, तर दोन्ही संस्थापकांना त्याच आठवड्यात सांगा आणि एकीची गोपनीय माहिती घेणं थांबवा.

माझ्या मते अँड्रीसन यांच्या गुंतवणुकीतल्या शब्दाला नेटस्केपपेक्षा लाउडक्लाउडने जास्त वजन दिलं. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर, मार्च २००१ मध्ये त्यांना कंपनी शेअर बाजारात आणावी लागली. २००२ मध्ये होस्टिंगचा धंदा ईडीएस या कंपनीला ६.३५ कोटी डॉलरना विकून त्यांनी फक्त सॉफ्टवेअर ठेवलं. ऑप्सवेअर या नव्या नावाने तीच कंपनी एचपीने २००७ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेतली. पगार कसे द्यायचे, हा प्रश्न घेऊन संस्थापक रात्री फोन करतो, तेव्हा असा काळ काढलेल्या माणसाचा सल्ला उपयोगी पडतो. तुमच्या गाठीशी तो नसेल, तर आणखी तीन-चार वर्षं कंपनीच चालवा. चेक नंतरही लिहिता येतात.