वारशात आलेली चांदीची नाणी : या चुका टाळा

आजीच्या ट्रंकेतून किंवा देवघरातल्या डब्यातून जुन्या रुपयांची पुरचुंडी निघाली की घरात कोणीतरी म्हणतंच, "किती काळी पडलीत, जरा घासून काढू या." इथेच घात होतो. शंभर वर्षं जपलेलं नाणं दहा मिनिटांत मोडीच्या भावाचं होतं, आणि तेही घरच्याच माणसांच्या हातून.

चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तो थर पातळ असतो आणि त्याखाली टाकसाळीतली मूळ झळाळी बहुधा शाबूत असते. झळाळी म्हणजे नुसती चकाकी नव्हे. ठसा आदळताना धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यामुळे नाणं दिव्याखाली तिरपं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे त्याच्यावरून फिरताना दिसतात. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांडी उजळायची पावडर, यांतलं काहीही वापरलं तरी त्या रेषा खरवडल्या जातात आणि कुठल्याही उपायाने परत येत नाहीत.

एका घरातलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, कापडात गुंडाळलेला, जवळजवळ न वापरलेला. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोक बिथरले, सरकारने नाणी मागे घेऊन बहुतेक आटवली आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट दिसेल असा ठसा आणला. त्यामुळे संग्राहक १९११ च्या मागे असतात. या घरात तो लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी इतर नाण्यांसोबत घासला गेला. पूजेत झकास दिसला. भिंगाखाली मात्र राजाच्या गालावरून मोकळ्या भागात आणि अक्षरांवरून एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते, अक्षरांच्या खाचांत पांढरी पावडर अडकलेली होती, आणि दिव्याखाली फिरवलं तर एकही पट्टा हलत नव्हता. घ्यायला आलेल्याने त्याला झिजलेल्या नाण्याचा भाव सांगितला, आणि तो चुकीचा नव्हता.

अल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय व्हिडिओत फार लोकप्रिय आहे. ओरखडे येत नाहीत हे खरं, पण नाणं पांढरंफटक, निर्जीव दिसतं आणि जाणकार ते लांबूनच ओळखतो. काळेपणाला हात लावू नका. तेलकटपणा किंवा मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवट चिकट थर काढायचा असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं पाचेक मिनिटं बुडवून ठेवा, नंतर डिस्टिल्ड वॉटरमधून काढा आणि मऊ कापडाने फक्त टिपा. पुसायचं नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंधी द्रव्यं असतात.

दुसरी चूक म्हणजे चांदी 'अंदाजाने' ओळखणं. लोहचुंबक लावून चिकटलं नाही म्हणून चांदी, हा निष्कर्ष साफ चुकीचा. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू), पितळ, शिसं यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. चुंबकाचा उपयोग उलटा आहे: १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा समजून जपलेला असतो, तो निकेलचा आहे आणि चटकन चिकटतो. नाणं फरशीवर आपटून आवाज ऐकण्याची सवयही सोडा, कडेला खाच पडते. सराफाला कसोटीवर घासू किंवा कानस लावू देऊ नका. यंत्रावर तपासणी करून घ्या.

घरी करायची खात्रीची परीक्षा एकच. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. कलदार, म्हणजे इंग्रजी अमलात यंत्रावर पाडलेल्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. वापरातलं नाणं ११.४ च्या आसपास भरलं तरी घाबरायचं कारण नाही. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असं धरा, चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून घालवा आणि आकडा वाचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाची घनता १०.३ च्या जवळ येते, म्हणजे पूर्ण वजनाच्या नाण्याला काटा १.१३ दाखवतो. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. तिथे आकडा १.२२ आणि घनता साडेनऊ येते. जर्मन सिल्व्हरची नक्कल १.३५ च्या आसपास जाते. एवढं करायला पंधरा मिनिटं लागतात, तरी लोक फोटो पाठवून "खरं आहे का" विचारतात. फोटोवरून वजन कळत नाही.

हा हिशेब कलदार नाण्यांचा. मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली सिक्का निघतो. तो मुळातच सुमारे ११.२ ग्रॅमचा आणि साधारण ८२ टक्के चांदीचा आहे, म्हणून 'हलका भरला' म्हणून टाकून देऊ नका. मराठेशाहीतला अंकुशी किंवा चांदवडी रुपया हाताने पाडलेला असतो आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असतो. निम्मी फारसी अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात, ती झीज नव्हे.

साल वाचून दुर्मीळ ठरवणं ही तिसरी घाई. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८४० किंवा १८६२ पाहून लोक हुरळतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १८४० हेच साल वर्षानुवर्षं ठशावर राहिलं, आणि १८६२ चं साल १८७४ पर्यंत तसंच होतं. दोन्ही भरपूर मिळतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला सगळ्यात जास्त. राम-लक्ष्मण-सीता आणि 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत.

दर्जा ठरवताना नवखा माणूस आपल्या नाण्याला हमखास दोन पायऱ्या वर चढवतो. आधी सर्वांत उंच भाग पाहा, कारण झीज तिथून सुरू होते: व्हिक्टोरियाच्या कानाजवळचे केस आणि वस्त्रावरची नक्षी, एडवर्डचा कान आणि दाढी, पंचम जॉर्जचा मुकुट आणि झग्यावरचा हत्ती. हत्तीचा डोळा-कान वेगळे दिसत नसतील तर 'एक्सएफ' (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे फार कमी झिजलेलं) म्हणू नका. एखादा भाग सपाट असूनही तिथे झळाळी असेल, तर तो ठसा हलका पडल्याचा परिणाम, झीज नव्हे. सपाट आणि मंद असेल तर झीज. मी पाचपट भिंग आणि एकच टेबललॅम्प वापरतो. ट्यूबलाइटखाली दर्जा ठरवू नका, ओरखडे लपतात.

कड पाहायला विसरू नका. हारात ओवलेल्या रुपयाची कडी काढून झाळेचा डाग घासलेला असतो, तिथे कडेवरचे दाते बुजलेले दिसतात. मग बाकी नाणं कितीही सुंदर असो, किंमत खाली येते.

नाणं नेहमी कडेने धरा. पीव्हीसीचे (मऊ प्लास्टिकचे) अल्बम नकोत, मायलरची (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मची) पाकिटं घ्या.

"जुन्या नाण्याचे लाखो रुपये, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. असे कुठलेही व्यवहार किंवा फी आपण घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. परदेशातल्या नातेवाइकाला वाटणीचे रुपये द्यायचे असतील तर १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा: शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९२२ पर्यंतचे पंचम जॉर्जचे सगळे रुपये आता त्यात मोडतात.