हनिमूनला युरोपात जायचंय? मग विमान कंपनी अशी निवडा

हॉल, कॅटरिंग, फोटोग्राफर सगळं ठरवून झालं की मग होणारे नवरा-नवरी रात्री उशिरा फोनवर विमानाची भाडी बघत बसतात, आणि शेवटी कंटाळून जे सगळ्यात स्वस्त दिसेल नाहीतर ज्याचं नाव मोठं असेल ते बुक करून मोकळे होतात. असं करू नका. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं, त्याआधी वेळा, मग विमान कुठलं आहे ते आणि मग तिकिटाचे नियम. इथे मुंबईहून पॅरिस आणि स्वित्झर्लंड हा रूट धरून सांगतो, कारण युरोप म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांचा हाच असतो.

पहिली पायरी: तारीख आणि रूट

लग्न, मग सत्यनारायण, मग जेजुरी नाहीतर कुलदैवत, हे सगळं उरकल्यावर एक दिवस निव्वळ झोपायला ठेवा आणि मग फ्लाइट धरा. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे तिकिटावर १५ तारीख आणि रात्रीचे दीड वाजलेले असतील तर १४ च्या रात्रीच जेवून टी-टू, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल २ गाठायचंय. हे घरातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर सोडायला येणारे मामा बरोब्बर एक दिवस उशिरा गाडी काढतील.

सर्च करताना साधं रिटर्न तिकीट बघू नका, मल्टी-सिटी बघा. म्हणजे जाताना पॅरिसला उतरायचं आणि येताना झुरिचहून निघायचं. पॅरिस ते झुरिच थेट ट्रेनने साधारण चार तास लागतात, परत पॅरिसला यायचं म्हणजे तेवढेच तास आणि पुन्हा तिकिटाचे पैसे, तेही हनिमूनच्या शेवटच्या दिवशी! एमिरेट्स, कतार, एतिहाद यांची विमानं दोन्ही शहरांना जातात, त्यामुळे त्यांच्यावर हे एकाच तिकिटात सहज बसतं. स्विस किंवा लुफ्तान्सावर झुरिच, फ्रँकफर्टमार्गे पॅरिस असंही जमतं.

दुसरी पायरी: डायरेक्ट की थांबून

डायरेक्ट म्हणजे चांगलं असं सगळे धरून चालतात, पण थोडा विचार करा. एअर फ्रान्सचं मुंबई-पॅरिस आणि स्विसचं मुंबई-झुरिच साधारण नऊ-दहा तासांचं आहे. रात्री निघालेलं डायरेक्ट विमान पहाटे नाहीतर सकाळी लवकर पोचवतं, आणि हॉटेलची रूम मिळते दुपारी दोन-तीनला. म्हणजे लग्नाच्या दगदगीनंतर, अर्धवट झोपेत, बॅगा रिसेप्शनला टाकून तुम्ही थंडीत कॉफी पीत फिरणार. त्यापेक्षा दुबई किंवा दोहाला दोन-तीन तास थांबून दुपारी उतरणारं कनेक्शन मला पहिल्या दिवसासाठी बरं वाटतं. येताना मात्र डायरेक्ट मिळालं तर सोडू नका, तेव्हा फक्त घर गाठायचं असतं.

थांबा पाऊण तासाचा असेल तर धावपळ, आठ-नऊ तासांचा असेल तर वैताग. एअर इंडिया बघत असाल तर एकूण वेळ नीट वाचा, कारण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि पश्चिमेकडे जाणारे काही रूट, खास करून दिल्लीहून निघणारे, लांबले.

तिसरी पायरी: विमान कुठलं ते बघा

हे जवळजवळ कोणी बघत नाही, आणि दोघांच्या प्रवासात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. गूगल फ्लाइट्सवर फ्लाइटच्या डिटेल्स उघडल्या की विमानाचं नाव दिसतं. एअरबस ए३३० च्या इकॉनॉमीत साधारणपणे २-४-२ अशा सीट असतात, म्हणजे खिडकीकडे फक्त दोनच, एसटीतल्या दोघांच्या बाकासारख्या. मध्ये तिसरा कोणी नाही, बाथरूमला जाताना अनोळखी माणसाला उठवायचं नाही, दोघं निवांत. ए३५० आणि बोईंग ७८७ मध्ये बहुतेक ठिकाणी ३-३-३ असतं, त्यात ए३५० ची सीट थोडी रुंद. बोईंग ७७७ मध्ये आता बहुतेक कंपन्या ३-४-३ ठेवतात, सीट साधारण १७ इंचाची, आणि रात्रभर शेजाऱ्याचा कोपर तुमच्या फासळीत.

एकाच कंपनीकडे ही सगळी विमानं असू शकतात, म्हणून तर नुसत्या नावाला अर्थ नाही. एरोलोपा नावाच्या साइटवर सीटचे नकाशे असतात, कुठल्या खिडकीच्या सीटला खिडकीच नाही तेसुद्धा तिथे कळतं. तीनच्या रांगेत खिडकी आणि कडेची सीट घेऊन मधली रिकामी सोडून बघा, विमान भरलेलं नसेल तर ती बऱ्याचदा तशीच राहते, आणि कोणी आलंच तर खिडकीच्या बदल्यात तो आनंदाने सरकतो.

चौथी पायरी: भाड्यात काय आहे, काय नाही

सगळ्यात स्वस्त भाड्यात सीट निवडता येत नाही, कधी चेक-इन बॅगही नसते. मग नवरा ३२ व्या रांगेत आणि बायको ४१ व्या, झाला हनिमून सुरू. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं जोडून पैसे वाचवायला जाऊ नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि बॅगाही स्वतःच उचलून परत द्याव्या लागतात.

शेंगेन व्हिसाचा (फ्रान्स, स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण व्हिसा हातात यायच्या आधी नॉन-रिफंडेबल तिकीट घेऊ नका, थोडे जास्त गेले तरी कॅन्सल होणारं भाडं घ्या. (बोटांचे ठसे द्यायचं काम मेंदीच्या आधी उरका, मेंदीने ठसे नीट येत नाहीत.)

अजून एक, युरोपियन युनियनच्या २६१/२००४ नियमानुसार ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबचं विमान कंपनीच्या चुकीने रद्द झालं किंवा फार उशिरा पोचलं तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. मुंबईहून पॅरिसला जाताना हे एअर फ्रान्सला लागू, कारण ती युरोपियन युनियनमधली कंपनी आहे, एमिरेट्सला नाही. पॅरिसहून निघताना मात्र कुठलीही कंपनी असो, लागू. भाड्यात फरक थोडाच असेल तर हा मुद्दा जमेला धरा.

पाचवी पायरी: नाव आणि जेवण

तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तेच, अगदी तसंच. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला, सासरच्या आडनावाचं तिकीट आणि माहेरच्या आडनावाचा पासपोर्ट घेऊन काउंटरवर उभं राहायची वेळ आणू नका.

जेवण बुकिंगमध्येच सांगून ठेवा, निदान २४ तास आधी तरी. आपल्याकडच्या शाकाहारी जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैनचा व्हीजेएमएल. नुसतं व्हेज म्हटलं की उकडलेल्या भाज्या आणि सॅलडवर भागवावं लागू शकतं.

सहावी पायरी: जास्तीचे पैसे कुठे घालायचे

दोन्ही बाजूंनी बिझनेस परवडत नसेल तर जातानाच्या रात्रीसाठी घ्या, येताना नको, दमलेले तुम्ही जाताना असता. कतारच्या काही ७७७ आणि ए३५० मध्ये क्यूसूट आहे, म्हणजे दार लावता येणारी बिझनेसची सीट, त्यातल्या मधल्या काही सीट जोडून डबल बेड होतो. पण कतारकडे प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) नाही, ती हवी असेल तर एअर फ्रान्स, लुफ्तान्सा किंवा एमिरेट्सची काही विमानं बघा. हनिमून आहे म्हणून फुकट अपग्रेड मिळेल ही आशा सोडा. क्रूला सांगून ठेवलं तर कधी केक येतो, कधी नुसतं हसून अभिनंदन.

बुकिंग झाल्यावरही दर दोन-तीन आठवड्यांनी कंपनीच्या ॲपमध्ये पीएनआर टाकून बघत राहा. कंपन्या गुपचूप विमान बदलतात, ए३३० चं ७७७ होतं आणि तुमच्या दोन सीट कुठेतरी भलतीकडे जातात. तसं झालं तर लगेच फोन करा, वेब चेक-इन उघडेपर्यंत थांबू नका.