कोळसा भट्टीचा धूर हवेत सोडू नका, त्यातून वुड व्हिनेगर काढा

लाकडाचा कोळसा करायची भट्टी लागली की डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि आजूबाजूच्यांनाही तोच त्रास. पण त्याच धुरात ॲसिटिक ॲसिड, मिथेनॉल, फिनॉल असं बरंच काही असतं. १९२३ मध्ये बीएएसएफ या रसायन कंपनीनं जर्मनीत कृत्रिम मिथेनॉल मोठ्या प्रमाणात काढायला सुरुवात केली, त्याआधी ते मिळायचं लाकूड बंद भांड्यात तापवूनच, म्हणून तर त्याला वुड अल्कोहोल म्हणतात.

हा धूर थंड केला की जे आंबट पाणी मिळतं त्यातूनच वुड व्हिनेगर निघतं, ते पातळ करून पिकावर मारता येतं. करायचं एवढंच की धूर थंड करायचा. धुराड्याच्या तोंडावर चार-पाच मीटरचा पाइप तिरका, वर चढत जाणारा बसवा, म्हणजे आत थंड झालेले थेंब उलटे खाली वाहत येतात, तिथे खालच्या बाजूला भोक पाडून खाली कॅन लावा. पाइप स्टेनलेस स्टीलचा घ्या नाहीतर बांबूचा. मी आधी जस्ताचा पत्रा वापरला होता, आंबट पाण्यानं जस्त खाल्लं आणि कॅनमधला सगळा माल कुठेच वापरता आला नाही.

आता खरी गोष्ट, कधी गोळा करायचं. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे लाकडातलं पाणी, तो जाऊ द्या. मग धूर पिवळसर होतो, नाकात झोंबतो, तेव्हा धुराड्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरा, ८० अंशाला कॅन लावायचा आणि १५० च्या पुढे गेलं की काढून घ्यायचा, कारण त्यानंतर डांबर वाढतं आणि त्यात कॅन्सर करणारे पदार्थ असतात, तेव्हा थोडं जास्त मिळेल म्हणून लोभ करू नका प्लीज. धूर पातळ निळसर झाला असेल तर उशीरच झालाय.

कॅन भरला म्हणून लगेच वापरायचं नाही. झाकण लावून सावलीत किमान ३ महिने न हलवता ठेवा. वर हलकं तेल तरंगतं, तळाला काळं डांबर बसतं आणि मधे लालसर तपकिरी, चहासारखं पाणी, तेच वुड व्हिनेगर, ते नळीनं अलगद ओढून घ्या. पीएच ३ च्या आसपास निघतो. पिकावर मारताना १ लिटरला निदान २०० लिटर पाणी, आणि आधी चार झाडांवर मारून दोन दिवस थांबा, कारण दाट पडलं तर पानं करपतात. पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या जवळपासही नको, मिथेनॉलनं डोळे जातात.

तळाचं डांबर मातीत किंवा नाल्यात ओतू नका, वेगळ्या डब्यात बंद ठेवा. आणि पाइपच्या वरच्या टोकातून जो धूर तरीही निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, म्हणून भट्टी उघड्यावरच लावायची आणि कॅन बदलताना वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं.