कापूस घरात आला आणि माझी मान धरली

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. नागपूरच्या एका ऑफिसचं हिशेबाचं काम २०२० च्या लॉकडाऊनपासून घरूनच करते. सुरुवातीची वर्षं काही त्रास झाला नाही. मग एका दिवाळीला वेचणी सुरू झाली, भाव पडलेला होता म्हणून कापूस घरातच ठेवायचं ठरलं आणि माझ्या कामाच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागला. टेबल छपरीत गेलं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन कापसाला टेकून बसायला लागले.

एवढं मऊ टेकण कुठल्याच खुर्चीला नसतं. पण त्यात पाठ रुतते, कंबर गोल होते आणि स्क्रीन दिसावी म्हणून डोकं पुढे येतं. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, “काहाले बगळ्यावानी मान पुढं काढून बसतं वो?” पंधरा दिवसांनी सकाळी उठले तर मान उजवीकडे वळेना. मागून कुणी हाक मारली की अख्खं अंग फिरवावं लागे.

आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. मान सरळ असली तर मणके ते सहज पेलतात. वाकवली की खांद्यापासून कवटीपर्यंतचे स्नायू ते ओढून धरतात. केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जननी २०१४ मध्ये हिशेब मांडला होता: मान ६० अंशांत झुकली की मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त पोतं मानेवर घेऊन आपण मोबाइल बघत असतो.

म्हणून सगळ्यात आधी स्क्रीन वर आणा. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी आणि ती हातभर लांब असावी. मी दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा एकावर एक ठेवल्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, आणि त्यांवर लॅपटॉप ठेवला. मधून हवा खेळते, त्यामुळे मे महिन्यातही तो कमी तापतो. पण लॅपटॉप उंच केला की त्याच्यावर टाइप करताना हात वर उचलावे लागतात आणि खांदे भरून येतात. त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच. दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात. या खर्चात काटकसर करू नका. दोन भागांचा चष्मा असेल तर मात्र स्क्रीन थोडी खालीच ठेवा, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागून दुखते.

खुर्ची साधी प्लास्टिकची चालते. टाइप करताना कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे. माझं टेबल उंच, म्हणून बसायला गोधडीची घडी घातली. मग पाय लोंबायला लागले, तर पायाखाली जेवायचा पाट ठेवला. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. उन्हाळ्यात कूलर बाजूला असला की वाऱ्याच्या ओढीने आपण नकळत तिकडे वळून बसतो आणि मान दिवसभर एकाच अंगाला राहते. कूलर सरकवा किंवा टेबल फिरवा.

कितीही नीट बसलात तरी अर्ध्या तासाने उठा. मी पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवायची बंद केली. छोटा गिलास ठेवते, तो संपला की माठापर्यंत जावं लागतं. फोन आला की अंगणात फिरत बोलते. लाइन गेली की काम मोबाइलवर येतं, तेव्हा मांडीवर उशी ठेवून त्यावर कोपरं टेकवा आणि मोबाइल तोंडासमोर धरा.

वर्ध्याच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तीन व्यायाम शिकवले. पहिला मला सगळ्यात लागू पडला. भिंतीला पाठ लावून बसा, नजर समोर ठेवा, आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्या, कुणी समोरून बोटाने हलकेच ढकलल्यासारखी. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मानेच्या मागे ताण जाणवला की बरोबर होतंय. दुसरा, दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढायची. तिसरा, उजवा हात मांडीखाली दाबून डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा, वीस सेकंद थांबायचं, मग दुसरी बाजू. ताण चालेल, कळ नको. मान गरागरा फिरवू नका.

दुखत असेल तेव्हा जाड कापडात मीठ बांधून तव्यावर गरम करा, आधी मनगटाला लावून बघा आणि दहा-पंधरा मिनिटं शेका. जिथे बधिरपणा आहे तिथे शेकू नका, चटका बसलेला कळत नाही. मे महिन्यात शेक नकोसा वाटतो, तेव्हा गार पाण्याची घडी ठेवली तरी चालते. दोन-तीन दिवस अंथरुणात पडून राहू नका, सोसेल तेवढी मान हलवत राहा. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या मनाने आणून खाऊ नका. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या किडनीला बाधतात.

आणि कटिंग झाल्यावर मान कडाकड मोडून घेणं बंद करा. माझ्या दिरांची मान अशीच दुसऱ्या दिवशी पार आखडली. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. झटक्याने त्या फाटू शकतात आणि लकवा मारू शकतो. हात बधिर होत असेल, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तापासोबत मान ताठली असेल, किंवा पडल्या-झडल्यानंतर दुखत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. मान-जबड्यासोबत छातीत दुखून घाम सुटला तर ते हृदयाचंही असू शकतं.

आता उशीचं. कापूस घरचा, म्हणून आमच्याकडे उश्या गच्च भरतात, डोक्याखाली दगड घेतल्यासारख्या. मी एका रात्री माझ्या उशीची शिवण उसवली. मूठभर कापूस काढायचा, कुशीवर झोपून बघायचं, पुन्हा मूठभर काढायचा. खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढाच ठेवला, नाक छातीच्या मधल्या रेषेत राहीपर्यंत. सात मुठी निघाल्या. उताणं झोपणाऱ्यांना याहून पातळ उशी लागते. पालथं मात्र झोपू नका, रात्रभर मान पिळलेली राहते.

गेल्या दसऱ्याला कापूस यायच्या आधी मी खोलीत खडूने रेघ मारली, टेबल आणि खुर्ची मावेल एवढी. सासूबाईंनीच गड्यांना सांगितलं, “हे रेघ वलांडायची नाही.” ढीग छताला लागला, पण टेबल तिथेच राहिलं.